लोकशाहीला मार्क देणाऱ्या साईट्स: कुठली कशासाठी उघडायची आणि कुठे फसायला होतं

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की बातम्या सुरू, अमुक देश लोकशाहीच्या यादीत इतका खाली घसरला, तमुक पहिला आला, आणि मग ज्याला तो आकडा सोयीचा असतो तो लगेच शेअर करतो आणि ज्याला नसतो तो म्हणतो हे सगळे विकले गेलेत. ती साईट उघडून मात्र दोघांपैकी कुणीच बघितलेली नसते. मला जगभरच्या निवडणुका फॉलो करायचा नाद आहे त्यामुळे या साईट्सवर माझं सारखं जाणंयेणं असतं, म्हणून म्हटलं एकदा नीट रिव्ह्यूच लिहू, जसा आपण कुठल्याही सर्व्हिसचा लिहितो तसा. कोण चालवतं, फुकट किती मिळतं, वापरायला कसं आहे, कुठे गंडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. वरती मोठ्या अक्षरात जो एक आकडा असतो ना, तो या सगळ्यांचा सगळ्यात टाकाऊ भाग आहे. खरा माल खाली आहे, जिथपर्यंत कुणी स्क्रोलच करत नाही.

सुरुवात फ्रीडम हाऊसपासून करू कारण नवख्या माणसासाठी हीच सगळ्यात सोपी. अमेरिकन संस्था आहे, 1941 पासूनची, आणि देशांना स्वातंत्र्याचे मार्क द्यायचं काम 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून करतेय. एकूण 100 मार्क, त्यातले 40 राजकीय हक्कांना आणि 60 नागरी स्वातंत्र्याला. एकूण 25 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4. शेवटी देशावर तीनपैकी एक शिक्का बसतो: मुक्त, अंशतः मुक्त, मुक्त नाही. फिनलंडला वर्षानुवर्षं 100 पैकी 100. बातमी इथे संपते आणि साईट इथून सुरू होते, कारण देशाच्या पानावर खाली गेलात की प्रत्येक प्रश्नाखाली त्याचे मार्क आणि ते का दिले याचा एक परिच्छेद असतो. सत्ताधाऱ्याची निवड मोकळ्या निवडणुकीतून झाली का, निवडणूक आयोग निःपक्ष आहे का, विरोधी पक्षाला जिंकायची खरोखर संधी आहे का, कोर्ट स्वतंत्र आहे का, लोकांना घाबरल्याशिवाय राजकारणावर बोलता येतं का. आणि तो परिच्छेद वाचून तुम्ही म्हणू शकता की नाही पटलं बुवा, इथे 2 नाही 3 द्यायला हवे होते. हे म्हणता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाकी ठिकाणी भांडायला सुद्धा काही हातात येत नाही.

एक गंमत सांगतो, राजकीय हक्कांमध्ये एक जादाचा प्रश्न असतो ज्यात फक्त मार्क कापले जातात, म्हणजे एखादं सरकार मुद्दाम एखाद्या भागातल्या लोकसंख्येचं स्वरूपच बदलत असेल, लोकांना हुसकावून लावत असेल तर. त्यामुळे तिबेटसारख्या ठिकाणी राजकीय हक्कांचा आकडा शून्याच्याही खाली गेलेला दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं साईट बिघडलीय. नाही, बरोबर आहे ते.

तक्रार नेहमीची, पैसा कुठून येतो. तर हो, फ्रीडम हाऊसला बराच पैसा अमेरिकन सरकारच्या अनुदानातून येत आलाय, लपवलेलं नाहीये ते, आणि 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा त्यांना चांगलाच फटका बसला. मग हे अमेरिकेचं भोंगं आहे का? मी दोन गोष्टी बघतो. सौदी अरेबिया अमेरिकेचा जुना दोस्त, त्याला 100 पैकी दहाच्याही आत मार्क. आणि खुद्द अमेरिकेचा स्कोअर 2010 च्या 94 वरून 2020 सालासाठी 83 पर्यंत यांनीच खाली आणलाय. म्हणजे सरळसरळ भोंगं नाही. पण स्वातंत्र्य म्हणजे काय याची त्यांची व्याख्या मात्र एका विशिष्ट चष्म्यातून आहे, त्यात रोटी-कपडा-मकानला जवळजवळ जागाच नाही, हे लक्षात ठेवून वाचायचं.

आता ईआययू, म्हणजे इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटचा डेमोक्रसी इंडेक्स. बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त हाच फिरतो कारण 0 ते 10 चा आकडा आणि रँक, हेडलाईनला एकदम फिट. 2006 पासून सुरू आहे, 167 देश-प्रदेश, 60 प्रश्न, पाच गट: निवडणूक आणि बहुपक्षीयता, सरकारचा कारभार, लोकांचा सहभाग, राजकीय संस्कृती, नागरी स्वातंत्र्य. 8 च्या वर पूर्ण लोकशाही, 6 च्या वर सदोष, 4 च्या वर संमिश्र, त्याखाली हुकूमशाही. नॉर्वे गेली कित्येक वर्षं पहिलाच असतो आणि अफगाणिस्तान तालिबान आल्यापासून शेवटचा, उत्तर कोरियाच्याही खाली.

सर्व्हिस म्हणून बोलायचं तर मला ही सगळ्यात कमी आवडते. रिपोर्ट फुकट आहे म्हणतात पण आधी फॉर्म भरा, नाव द्या, कंपनी सांगा, मग पीडीएफ. ते एक वेळ ठीक. पण 60 प्रश्नांपैकी कुठल्या प्रश्नाला कुठल्या देशाला काय मिळालं हे त्यात नसतं, फक्त पाच गटांचे आकडे. उत्तरं कुणी दिली त्या तज्ज्ञांबद्दलही फारसं कळत नाही. काही प्रश्नांना जनमत चाचण्यांचा आधार असतो, बाकी तज्ज्ञांचा अंदाज, आणि तुम्ही म्हणालात मला अमुक एका उत्तरावर शंका आहे तर विचारायचं कुणाला?

आणि त्या रेषा! 2024 सालच्या आकड्यांत फ्रान्स 7.99, म्हणजे सदोष लोकशाही. त्याच यादीत रोमानिया 5.99, म्हणजे संमिश्र राजवट. दोघंही रेषेच्या केसभर खाली, आणि बातम्या काय आल्या, फ्रान्स पूर्ण लोकशाही राहिला नाही. रोमानियात निदान एक जबरदस्त प्रकार घडला होता, डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली, दुसऱ्या फेरीच्या अगदी तोंडावर. यावर तासन्तास वाद होऊ शकतो की हे लोकशाही वाचवणं होतं की मतदारांचा कौल फेकून देणं होतं. पण तो वाद 5.99 मध्ये कुठे दिसतो? फ्रान्समध्ये तर पंतप्रधानाचं सरकार अविश्वास ठरावावर पडलं, आता संसदेने सरकार पाडणं ही लोकशाहीतली बिघाडाची खूण आहे की लोकशाही चालू असल्याची, हे मला अजून कुणी पटेल असं समजावून सांगितलेलं नाही.

याच संदर्भात दक्षिण कोरियाचं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं, कारण त्यात या सगळ्या साईट्सची मर्यादा एकदम उघडी पडते. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल टीव्हीवर येऊन मार्शल लॉ जाहीर करतात. सैनिक संसदेत शिरतात. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत पोचतात, बाहेर लोक जमतात, आणि काही तासांत 190 विरुद्ध 0 मतांनी संसद तो आदेश फेटाळते, पहाटे तो मागे घेतला जातो. 14 डिसेंबरला महाभियोग मंजूर, आणि 4 एप्रिल 2025 ला घटनात्मक न्यायालय त्यांना पदावरून काढतं. आता सांगा, हा देश वर गेला की खाली? ईआययूने त्याला पूर्णमधून सदोषमध्ये ढकललं, व्ही-डेमने (स्वीडनमधला लोकशाही मोजणारा प्रकल्प, पुढे येतोच) उदारमतवादी लोकशाहीतून, म्हणजे जिथे निवडणुकांबरोबर कोर्ट आणि हक्कही भक्कम असतात तिथून, एक पायरी खाली निवडणुकीय लोकशाहीत टाकलं, फ्रीडम हाऊसने मुक्तच ठेवलं. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल. ज्या देशात एक माणूस रात्री सैन्य संसदेत पाठवू शकतो तिथे काहीतरी बिघडलेलं आहेच. पण जिथे ते काही तासांत परतवून लावता येतं तिथे काहीतरी फार भक्कम पण आहे, आणि एका आकड्यात या दोन गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय हे रिपोर्ट कॅलेंडर वर्षावर चालतात, म्हणजे डिसेंबरचा गुन्हा 2024 च्या खात्यात आणि एप्रिलचा निकाल 2025 च्या खात्यात. त्या वर्षाचा रिपोर्ट वाचणाऱ्याला अर्धाच सिनेमा दिसतो.

व्ही-डेमचं नाव आलंच आहे तर तिकडे जाऊ. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातून चालतं आणि डेटा म्हणाल तर याच्या आसपास कुणी नाही. 1789 पासूनचा इतिहास, 200 च्या आसपास देश, शेकडो इंडिकेटर, जगभरचे हजारो तज्ज्ञ, आणि सगळं फुकट डाऊनलोड, फॉर्मची कटकट नाही म्हटलं तरी चालेल. लोकशाही म्हणजे एकच गोष्ट नाही हे मान्य करून त्यांनी पाच वेगळे निर्देशांक ठेवलेत, निवडणुकीचा, उदारमतवादी, सहभागाचा, विचारविनिमयाचा आणि समतेचा. एकाच प्रश्नाला साधारण पाच किंवा जास्त तज्ज्ञ स्वतंत्रपणे उत्तर देतात, मग कोण कडक आहे कोण सढळ आहे हे एका सांख्यिकी मॉडेलने समतोल केलं जातं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, आलेखावर रेषेच्या भोवती एक फिकट पट्टा दिसतो, म्हणजे खरा आकडा या पट्ट्यात कुठेतरी आहे अशी कबुली. दोन देशांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतील तर कोण पुढे कोण मागे हा वाद घालूच नका. बातमीत हा पट्टा कधी बघितलाय? मी नाही बघितला.

पण वापरायला! अरे देवा. इंडिकेटरच्या यादीत शिरलात की बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही, नावं अशी की कोडबुक (प्रत्येक इंडिकेटरचा अर्थ सांगणारी पुस्तिका) शेजारी उघडं ठेवल्याशिवाय काही कळणार नाही, आणि ते कोडबुक शेकडो पानांचं. मोबाईलवर तर नादच करू नका. अजून एक सावधान, दरवर्षी नवीन आवृत्ती आली की जुन्या वर्षांचे आकडे पण थोडे हलतात, कारण मॉडेल पुन्हा चालवलं जातं. त्यामुळे दोन वेगवेगळ्या वर्षांच्या रिपोर्टमधले आकडे शेजारी ठेवून घसरण झाली म्हणणं चूक, तुलना नेहमी एकाच आवृत्तीच्या आत करायची. पेपरवाले ती चूक सर्रास करतात.

व्ही-डेम देशांचे चार गट पाडतं: उदारमतवादी लोकशाही, निवडणुकीय लोकशाही, निवडणुकीय एकाधिकारशाही, बंदिस्त एकाधिकारशाही. तिसऱ्या गटावरून सगळी भांडणं होतात. निवडणुका होतात, अनेक पक्ष असतात, पण मैदान इतकं एका बाजूला कललेलं असतं की स्पर्धा खरी राहत नाही असा त्याचा अर्थ. 2025 च्या रिपोर्टमध्ये त्यांनी 88 लोकशाह्या आणि 91 एकाधिकारशाह्या मोजल्या, दोन दशकांत पहिल्यांदाच पारडं उलटलं, आणि जगातले 72 टक्के लोक एकाधिकारशाहीत राहतात असं म्हटलं. हा 72 वाचून दचकायला होतं, पण त्यात भारताचा वाटा केवढा आहे बघा. भारताला व्ही-डेम निवडणुकीय एकाधिकारशाही म्हणतं, फ्रीडम हाऊस 2021 पासून अंशतः मुक्त, आणि ईआययू सदोष लोकशाही. सव्वाशे-दीडशे कोटींचा देश एका रेषेच्या या बाजूला ठेवला की जगाची टक्केवारी एक असते, त्या बाजूला ठेवला की दुसरीच. हंगेरी आणि सिंगापूरचं पण हेच, 2024 च्या आकड्यांत व्ही-डेमकडे दोघंही निवडणुकीय एकाधिकारशाही, ईआययूकडे दोघंही सदोष लोकशाही. आता हंगेरी आणि सिंगापूर यांच्यात साम्य किती आणि फरक किती, शिक्का मात्र एकच.

तज्ज्ञांना विचारून मार्क देण्यावर जी मुद्द्याची टीका झालीय ती पण सांगायला हवी. अँड्र्यू लिटल आणि अ‍ॅन मेंग या दोन अमेरिकन अभ्यासकांनी असं मांडलं की तज्ज्ञांचं मत बाजूला ठेवून फक्त मोजता येणाऱ्या गोष्टी बघा, सत्ताधारी निवडणुकीत हरतायत का, किती फरकाने जिंकतायत वगैरे, तर जगभर लोकशाही घसरल्याचं तितकं ठळक दिसत नाही, मग कदाचित वातावरण निराशेचं झाल्यामुळे तज्ज्ञच कडक झाले असतील. व्ही-डेमवाल्यांनी याला उत्तर दिलं की आजची घसरण अशा मोजमापात पकडता येतच नाही, ती टीव्ही चॅनल, कोर्ट, चौकशी यंत्रणा यांतून हळूहळू होते. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते, पण पहिली वाचल्यापासून मी कुठलीही रेषा खाली जाताना दिसली की आधी विचारतो, नक्की घडलं काय त्या देशात, घटना सांग.

घटना बघायच्या तर वर जाणारे पण बघा, कारण बातमी फक्त घसरणाऱ्यांची होते. सेनेगलमध्ये 2024 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली, घटनात्मक परिषदेने ते रद्द ठरवलं, मार्चमध्ये मतदान झालं आणि काही दिवसांपूर्वीच तुरुंगातून सुटलेले बासिरू जोमाय फाय पहिल्याच फेरीत जिंकले. बोत्स्वानात 1966 पासून एकच पक्ष सत्तेत होता, तो 2024 च्या ऑक्टोबरमध्ये हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी सरळ फोन करून हार मान्य केली. फ्रीडम हाऊसने सेनेगलला पुढच्या रिपोर्टमध्ये मुक्त गटात घेतलं. हे किती जणांनी शेअर केलं?

ज्यांना व्ही-डेमचा डेटा हवा पण डोकेदुखी नको त्यांनी आवर वर्ल्ड इन डेटाच्या लोकशाहीच्या पानावर जावं. ऑक्सफर्डशी जोडलेला प्रकल्प आहे, तिथे वेगवेगळ्या संस्थांचे आकडे एकाच जागी, देश निवडा, वर्ष सरकवा, झालं. मोबाईलवर पण छान चालतं. आणि एकाच देशाला चार संस्था काय म्हणतात हे शेजारी शेजारी दिसतं, जे त्या संस्था स्वतः कधीच दाखवणार नाहीत.

एकाच मोजमापावर विसंबलात तर काय होतं याला रवांडा बघा. जिनिव्हाच्या आंतर-संसदीय संघाच्या साईटवर जगातल्या सगळ्या संसदांमधल्या महिलांची टक्केवारी मिळते, साधी स्वच्छ साईट, आणि त्यात रवांडा जगात पहिला, कनिष्ठ सभागृहात 60 टक्क्यांहून जास्त महिला. त्याच रवांडात जुलै 2024 मध्ये पॉल कागामे 99.18 टक्के मतांनी निवडून आले. दोन्ही आकडे खरे आहेत. कुणाला काय सिद्ध करायचंय त्यावर कुठला उचलायचा ते ठरतं.

मानवी हक्कांची बाजू हवी असेल तर मार्कांचा नाद सोडा. ह्यूमन राइट्स वॉच आणि अ‍ॅम्नेस्टीचे वार्षिक रिपोर्ट रँक देत नाहीत आणि तेच बरं आहे, छळाला दहापैकी किती देणार? पण माझी शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या यूपीआरची, म्हणजे सार्वत्रिक नियतकालिक आढावा. सगळ्या 193 सदस्य देशांची पाळी साधारण साडेचार-पाच वर्षांनी येते, बाकीचे देश प्रश्न विचारतात, शिफारशी करतात. दिसायला हे एकदम कंटाळवाणं, दोस्त देश उठून कौतुक करतात, एकमेकांची पाठ थोपटणं चालतं. पण प्रत्येक देशासाठी तीन कागद असतात: सरकारचा स्वतःचा अहवाल, यूएनच्या यंत्रणांनी केलेलं संकलन, आणि स्वयंसेवी संस्था वगैरे बाकीच्यांनी दिलेल्या माहितीचा गोषवारा. पहिला सोडा, तिसरा उघडा. आणि शिफारशींच्या यादीत देश काय उत्तर देतो ते बघा, एक असतं 'स्वीकारली' आणि दुसरं असतं 'नोंद घेतली'. नोंद घेतली म्हणजे गप बसा, करणार नाही. कुठला देश कशाकशाची फक्त नोंद घेतो हे वाचलं की त्या सरकारच्या दुखऱ्या नसा कुठे आहेत ते पत्ता सांगितल्यासारखं कळतं. साईट मात्र सरकारी थाटाची, सर्च भंगार, धीर धरावा लागतो.

शेवटी निरीक्षकांचे रिपोर्ट, कारण प्रत्यक्ष निवडणूक कशी झाली हे वरच्या कुठल्याच साईटवर तपशिलात नसतं. युरोपातल्या ओएससीई या सुरक्षा आणि सहकार्यासाठीच्या 57 सदस्य देशांच्या संघटनेचं वॉर्सामध्ये ओडीआयएचआर नावाचं ऑफिस आहे, निवडणुकांना निरीक्षक पाठवणारं, आणि माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात दर्जेदार लिखाण इथे मिळतं. मतदार याद्या, उमेदवारी अर्ज का फेटाळले, टीव्हीवर कुणाला किती वेळ मिळाला, मतमोजणीत नियम कुठे पाळले गेले नाहीत, सगळं. मतदान होऊन गेलं की दुसऱ्या दिवशी प्राथमिक निवेदन येतं आणि सगळ्या बातम्या त्यावरच होतात. इथेच जपून. केनियात ऑगस्ट 2017 ला (तिथे ओडीआयएचआर नव्हतं, दुसऱ्या आंतरराष्ट्रीय तुकड्या होत्या) मतदान चांगलं झालं असा सूर पहिल्या काही दिवसांत लागला, आणि 1 सप्टेंबरला तिथल्या सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली, कारण घोळ निकाल वर पाठवण्याच्या टप्प्यात होता. रांगा शिस्तीत होत्या यावरून पुढे आकडे कसे जोडले गेले ते कळत नाही. उलट कधीकधी रिपोर्ट नसणं हाच रिपोर्ट असतो, 2021 च्या रशियन ड्यूमाच्या (संसदेचं कनिष्ठ सभागृह) निवडणुकीला निरीक्षकांच्या संख्येवर एवढी बंधनं घातली की ओडीआयएचआरने माणसं पाठवलीच नाहीत.

अंतिम रिपोर्ट काही महिन्यांनी येतो, तोवर नवं सरकार कामाला लागलेलं असतं आणि कुणाला पडलेली नसते. पण वाचायचा तोच. त्यात शेवटी शिफारशींची यादी असते, आणि आधीच्या निवडणुकीच्या वेळी केलेल्या शिफारशींचं काय झालं तेही असतं. मागच्या निवडणुकीचा रिपोर्ट दुसऱ्या टॅबमध्ये उघडा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जी शिफारस तिथे पण होती आणि इथे पण आहे, तिथून वाचायला सुरुवात करा.